५५० रुपयांच्या तीन पोकळ रिंगा

पार्सल उघडलं तेव्हा आमच्या ह्यांनी त्यातली एक रिंग डोळ्याला लावली, आरपार माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, काच काढून घेतली वाटतं कुणीतरी." काच नसतेच. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये घालायची नुसती पोकळी. कॅमेऱ्याच्या आत चित्र जिथे उमटतं त्या सेन्सरपासून लेन्स जितकी लांब जाते, तितकं तिला जवळचं टिपता येतं. हे त्यांना दोनदा समजावलं. तरी ५५० रुपयांत तीन बांगड्या, हा त्यांचा हिशेब काही सुटला नाही.

भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना कॅनन ७००डी, ५० एमएम एफ १.८ च्या जुन्या लेन्ससकट, माझ्याकडे बडोद्याला आला. ती लेन्स नुसती लावली तर ४५ सेंटिमीटरच्या अलीकडचं धूसरच. कढीपत्त्यावरची अळी म्हणजे फोटोत एक हिरवी काडी. रिंगा १३, २१ आणि ३१ मिलिमीटरच्या आहेत, तिन्ही मिळून ६५. सगळ्या चढवल्या की सेन्सरवर किडा खऱ्यापेक्षा जवळपास दीडपट मोठा पडतो, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीचा तुकडा अख्खा फोटो भरून टाकतो. हे काम रिंगा चोख करतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. स्वस्तातल्या या रिंगांना आतून पितळी टोकं नसतात, त्यामुळे कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणंच बंद होतं. ऑटोफोकस गेला तर जाऊ दे, इतक्या जवळून तो तसाही चाचपडतोच. पण ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणं, तेही गेलं. कॅमेऱ्यावर नुसतं ०० दिसतं आणि लेन्स सताड उघडी राहते, त्यामुळे जेमतेम एक पातळ पट्टा स्पष्ट येतो. पहिल्या सकाळी मी २१४ फोटो काढले. एका मुंगीचा डोळा स्पष्ट होता आणि बाकी मुंगी धुक्यात. उरलेले २१३ पूर्ण धुक्यात.

मग भाच्याने फोनवरून युक्ती सांगितली. लेन्स आधी सरळ कॅमेऱ्याला लावायची, ॲपर्चर ८ वर, म्हणजे भोक लहान, ठेवायचं, लेन्सच्या बाजूचं डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढून घ्यायची. भोक लहान करणारी पाती मिटलेली तशीच राहतात. यासाठी तीन हात लागतात. मी कॅमेरा मांडीत धरते, लहान बाळाला औषध पाजताना धरतात तसा. तुमच्याकडे ५० ची नवी एसटीएम लेन्स असेल तर मात्र या रिंगांच्या वाटेला जाऊच नका. तिची हाताने फिरवायची फोकस रिंगसुद्धा विजेवर चालते. टोकं नसली की ती फिरते, पण आत काही हलत नाही.

आणखी दोन खोड्या. आतला काळा रंग चकचकीत आहे, त्यामुळे उन्हात फोटोवर पांढुरकी साय येते. मी आत काळ्या मखमली कागदाची पट्टी चिकटवली, साय गेली. दुसरी खोडी म्हणजे मधली रिंग एकदा आट्यांत अशी घट्ट बसली की लोणच्याच्या बरणीचं झाकण परवडलं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून सोडवली. खोक्यावर कंपनीचं नाव धड छापलेलं नव्हतं, मग रागवायचं तरी कुणावर?

प्रकाशाचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. लेन्स इतकी पुढे सरकली की सेन्सरवर नेहमीच्या सहाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश पोचतो. वर ॲपर्चर ८ चं. डिसेंबरातल्या सकाळी सातला, आमच्या परसात ऊन पोचायच्या आधी, डोळ्यापुढे नुसता काळोख. म्हणून कॅमेऱ्याचाच फ्लॅश उघडला, पण त्याने मुंग्या स्टीलच्या डब्यासारख्या चमकायला लागल्या. यावर उपाय निघाला शेव-उसळीच्या पार्सलमधून. त्यासोबत पांढऱ्या फोमच्या प्लेटा आल्या होत्या. एकीला मधोमध लेन्सएवढं भोक पाडलं आणि ती लेन्सच्या तोंडावर अडकवली. फ्लॅश मागून प्लेटवर पडतो आणि पुढे मऊ होऊन झिरपतो. तेव्हापासून शटर १/२००, आयएसओ ४००, आणि मी पाटावर बसून. शेजारच्या बेन कुंपणावरून बघून म्हणाल्या, "आ शुं, थाळीमां फोटो?"

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते आता सांगते. आमच्याकडे कुंपणावर पापडीचा वेल आहे आणि दर थंडीत त्याच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे बारीक किड्यांची दाटी, पडतो. इतकी वर्षं मी तो दिसला की साबणाचं पाणी मारत आले. यंदा शेंडा कपड्याच्या चिमट्याने काठीला बांधला, कारण एवढ्या जवळून वाऱ्याची झुळूकही भूकंपासारखी दिसते. लेन्स चार बोटांवर नेली. फोकस रिंगने करायचा नाही, श्वास रोखून स्वतःच पुढे-मागे डुलायचं. स्पष्ट पट्टा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्या पट्ट्यात एक मुंगी आली आणि तिने मिशांनी एका माव्याच्या पाठीवर टकटक, टकटक केलं. माव्याच्या मागून एक थेंब फुगत आला, साबुदाण्यासारखा पारदर्शक. त्यात फ्लॅशची पांढरी प्लेट दिसत होती. मुंगीने तो थेंब तोंडात घेतला आणि पुढच्या माव्याकडे वळली. दारोदार रतीब गोळा करत फिरणारी, फक्त घालण्याऐवजी घेणारी. हे डोळ्यांनी कधी दिसलं नसतं. लहानपणी कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाच्या सांगाड्यासमोर तोंड उघडं टाकून उभी राहायचे, तशीच त्या सकाळी पाटावर बसून राहिले.

चौथ्या दिवशी त्याच शेंड्यावर मगरीच्या पिल्लासारखं काहीतरी निघालं, काळं, केशरी ठिपक्यांचं, खडबडीत. भाच्याला फोटो पाठवला. ती लेडीबर्डची, म्हणजे ठिपक्यांच्या ढालकिड्याची, अळी निघाली, आणि ती मावा खाते! मोठी लेडीबर्ड दिसली की हाताने उचलून वेलावर ठेवणारी मी, तिच्या पोरांना मात्र कीड समजून चिरडत आले होते.

तर रिंगा घ्याव्यात का? जुनी लेन्स असेल, सकाळी तासभर मोकळा असेल आणि कीटकांशी तुमचं जमतं की नाही एवढंच बघायचं असेल, तर घ्या, पाचातले तीन तारे. पण एकदा गोडी लागली की थोडे जास्त पैसे घालून टोकंवाल्या रिंगा घेणार आहात हे आताच मनाशी धरा. मी तरी घेणार आहे. सुरुवात करताना एकदम ६५ वर जाऊ नका, फक्त ३१ ची लावा. फुलपाखराची अळी त्यात छान मावते आणि ती पळतही नाही. चतुर आणि टाचण्या हे उडते कीटक अजून मला जवळ येऊ देत नाहीत, त्यांचा फोटो मागू नका.

साबणाचं पाणी यंदा मारलंच नाही. लेडीबर्डच्या अळ्यांनी त्यांच्या परीने मावा खाल्ला, पण शेंगा आखडल्या त्या आखडल्याच. उत्तरायणला उंधियूसाठी पापडी बाजारातून आणावी लागली. ह्यांनी वहीत ५५० च्या खाली तिचे ९० रुपये लिहिले आणि बेरीज करून वही माझ्यापुढे सरकवली.