सेमी इंग्लिश शाळा, चार वर्षांनंतर: 5 पैकी साडेतीन

मुलगी पहिलीपासून सेमीत आहे, आता पाचवी चालू. ओळखीतले सारखे विचारतात शाळा कशी आहे म्हणून एकदाच लिहून टाकतो (नाव टाकत नाही, नाहीतर पुढच्या पालकसभेत माझीच परेड).

सेमी म्हणजे गणित आणि पुढे विज्ञान इंग्लिशमधून, बाकी सगळं मराठीत. सुरुवातीला घोळ झाला तो आकड्यांचा. घरी आजी त्रेसष्ट म्हणणार म्हणजे आधी तीन मग साठ, शाळेत सिक्स्टी थ्री म्हणजे आधी साठ मग तीन, पोरगी बिनधास्त 63 चे 36 करायची. 2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा मीपण जोक फॉरवर्ड केलेले, आता जरा लाज वाटते.

पैसे वसूल झाले ते गणिताच्या बाईंमुळे. फळ्यावर न्यूमरेटर डिनॉमिनेटर लिहिणार, पण समजावणार मराठीत, भाकरीचे चार तुकडे, त्यातला एक खाल्ला, वर अंश खाली छेद, आणि मग तेच पोरांकडून इंग्लिशमध्ये वदवून घेणार. त्यामुळे आमचे आजोबा, जुनी अकरावी मराठीतून, अजून तिचा अभ्यास घेऊ शकतात. ट्यूशन नाही लावली.

दीड स्टार कापला तो यंदाच्या फतव्यामुळे. गणिताच्या तासाला मराठी बंद! आणि ही मागणी पालकांचीच बरं का. आता गणितं येतात पण प्रश्नच कळत नाही, 'हाऊ मेनी मोर' दिसलं की पोरगी मोर बघून बेरीज करून मोकळी, करायची असते वजाबाकी. मी मराठीत वाचून दाखवलं तर दोन सेकंदात बरोबर.

2025 ला पहिलीपासून हिंदी नको म्हणून केवढा गदारोळ झाला, जूनअखेर सरकारने जीआर मागे घेतले, बरंच झालं. पण पहिलीला इंग्रजी 2000 पासून आहे, ते कसं शिकवतात हे कुणी विचारलं का? आमच्याकडे हिंदीविरुद्ध सगळ्यात जोरात ओरडणारे दोघं तिघंच इंग्लिश ओन्ली मागत होते, काय बोलणार.

ॲडमिशन घ्यायची तर घ्या, फी परवडते. फक्त ऑफिसातलं चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा की गणित समजावताना बाईंना मराठी बोलायची परवानगी आहे का. आणि बस नाहीये, रिक्षावाले काका जूनच्या आधीच बघून ठेवा.