बद्धकोष्ठतेवर इसबगोल की गव्हाचा कोंडा?

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे सरकू लागला की शरीरातले पाणी घामावाटे जाते, मळ कोरडा पडतो, आणि इतवारी बाजारातून इसबगोल आणावा की चाळणीत उरलेला कोंडाच खावा, असा प्रश्न घरात निघतो. दोन्ही तंतुमय असले तरी आतड्यातली त्यांची रीत निराळी आहे.

इसबगोलाची साल पाणी शोषून बुळबुळीत गरासारखी होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिला फारसे आंबवत नाहीत, त्यामुळे धरलेले पाणी शेवटपर्यंत टिकते. कडक मळ मऊ होतो, पातळ मळ बांधला जातो आणि गॅसही तुलनेने कमी होतो. गुण दिसायला मात्र 12 ते 72 तास लागतात, म्हणून पहिल्याच रात्रीनंतर निराश होऊ नये.

कोंड्याचे तंतू बहुतांशी पाण्यात न विरघळणारे असतात. त्याचे जाडसर कण आतड्याच्या अस्तराला घासतात, तिथून पाणी आणि श्लेष्म स्रवतो व मळ पुढे सरकतो. तोच कोंडा बारीक दळला तर मळ उलट घट्ट होऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांच्या पोटात वारंवार कळ येते, अशा संवेदनशील आतड्याच्या माणसांचा त्रास कोंड्याने वाढू शकतो. त्यांनी इसबगोलच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पोट दुखत नसेल, केवळ शौचास वेळ लागत असेल, तर जाडा कोंडाही चालेल.

इसबगोलाची कोरडी फक्की कधीही मारू नये, कारण तो घशात फुगून अडकू शकतो. मोठा पेलाभर पाणी हवेच, आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

रोजच्या जेवणाची जागा मात्र यांपैकी कोणीच घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू अन्नातूनच घ्यावेत, असे सुचवले आहे. 100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 10 ग्रॅम असतात, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. भाकरी, तुरीचे वरण, जवसाची चटणी आणि रस न काढता खाल्लेले संत्रे यांतले काही तंतू जिवाणू आंबवतात, आणि त्यातून बनणाऱ्या ब्युटिरेट नावाच्या मेदाम्लावर मोठ्या आतड्याच्या पेशींचे पोषण होते. हे काम इसबगोलाकडून फारसे होत नाही.

मळात रक्त दिसत असेल किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल, तर यांतले काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जावे.