जुन्या कॉर्डलेस ब्रश कटरला कोणतं पातं लावावं: काही महिने वापरल्यानंतर

सेकंडहँड ब्रश कटर, म्हणजे लांब दांडीच्या टोकाला फिरणाऱ्या पात्याने गवत-झुडपं कापायचं यंत्र, हातात आला की पातं शोधताना आपण गवताकडे बघतो. काय कापायचंय, किती जाड आहे, त्याला किती दात्यांचं पातं लागेल. काही महिने जुना बॅटरीवरचा ब्रश कटर वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की गवताचा नंबर नंतरचा. आधी दांडीच्या खालच्या टोकाशी बसायचं आणि तिथे काय काय शिल्लक आहे ते तपासायचं. गिअर हेड (पातं फिरवणारी गिअरची डबी), वरची आणि खालची फ्लँज (पात्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या), नट, गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण). हा संच जे पातं नीट धरू शकतो तेच आपलं पातं.

माझं यंत्र १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालतं, म्हणजे ३६ व्होल्टचं. ब्रशलेस मोटर दांडीच्या वरच्या टोकाला आणि तिथून दांडीतल्या शाफ्टने फिरणारं गिअर हेड खाली. बिनभाराचे कमाल फेरे मिनिटाला ६५००, आणि माहितीपुस्तिकेप्रमाणे पातं जास्तीत जास्त २३० मिलिमीटरचं. आधीच्या मालकाने यंत्राबरोबर पात्यांची पिशवीच दिली होती. तीत २५५ मिलिमीटरची, कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे दात असलेली चकती, एक तीन दात्यांचं पातं, एक आठ दात्यांचं आणि साखळीच्या कड्या लावलेलं एक डोकं असा ऐवज होता. त्यातलं तीन दात्यांचं तेवढं राखीव ठेवलंय, बाकी काहीही मी वापरत नाही.

त्याही आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमचं यंत्र खरोखर ब्रश कटर आहे ना? बॅटरीवरच्या पुष्कळ यंत्रांत मोटर खालीच, थेट डोक्यात बसवलेली असते. ती नायलॉन दोरीने गवत छाटण्यासाठी असतात. त्यांना लोखंडी पात्याचा धक्का सोसणारं गिअर हेड नसतं, तसं गार्डही नसतं. बाजारात जोड मिळतात, ते लावले की पातं बसतंही. पण बसतं म्हणून चालतं असं नाही. माहितीपुस्तिकेत धातूच्या पात्याचा उल्लेख नसेल तर दोरीवर किंवा त्याच कंपनीच्या प्लॅस्टिक पात्यांवर थांबा.

आता पिशवीतल्या वस्तू.

साखळीचं डोकं मी लगेच बाद केलं, आणि याबाबत मला जरासुद्धा तडजोड मान्य नाही. कड्या एकमेकींत अडकवलेल्या, प्रत्येक कडी वेगळी झिजते, आणि दगडावर आपटून त्यातली एक सुटली की ती कुठल्या दिशेला जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. ब्रिटनमध्ये अशी कडी उडून माणूस दगावल्यानंतर युरोपीय आयोगाने जानेवारी २०१२ मध्ये हाती धरायच्या ब्रश कटरसाठी सुटे धातूचे भाग जोडून केलेल्या अशा जोडांच्या विक्रीवर बंदी आणायला लावली. तरीही ही डोकी अजून सर्रास विकली जातात आणि जुन्या यंत्रांबरोबर हातोहात फिरतात. दोरीच्या डोक्यात नायलॉनऐवजी लोखंडी तार भरणं हा त्यातलाच प्रकार. तारेचा तुकडा तुटून उडाला तर तो अंगात घुसतो.

२५५ ची कार्बाइड चकती दिसायला फार छान होती, जवळजवळ नवी. ती मी का लावली नाही, याचा हिशोब मांडते. २३० मिलिमीटरचं पातं मिनिटाला ६५०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरच्या आसपास होतो. त्या वेगात कडेवरच्या एक ग्रॅमच्या तुकड्याला बाहेर खेचणारी ओढ साडेपाच किलोच्या घरात जाते. कार्बाइडचा दात पात्याला झाळून चिकटवलेला असतो, तो ही ओढ कायम सोसत असतो. त्यात पातं २५५ चं केलं की कडेचा वेग आणि ओढ दोन्ही आणखी वाढतात, शिवाय पातं गार्डच्या कडेला जाऊन टेकायला येतं. गार्डच्या आणि पात्याच्या मधली फट कंपनीने विचार करूनच ठेवलेली असते. म्हणून आकारात पुस्तिकेच्या पुढे एक मिलिमीटरही जायचं नाही.

आकाराइतकंच महत्त्व पात्यावर कोरलेल्या कमाल फेऱ्यांच्या आकड्याला. तो यंत्राच्या कमाल फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. ज्या पात्यावर आकडाच नाही ते मी घेत नाही, मग ते कितीही जाडजूड दिसो. लाकूड कापायच्या गोल करवतीची चकतीही काही जण लावतात, कारण भोक जुळतं. ती चकती बंदिस्त यंत्रात, सरळ रेषेत कापण्यासाठी केलेली असते. मातीत घुसणं, दगडावर आदळणं, वाकडं ओढलं जाणं यासाठी ती नसते.

भोक जुळण्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबते, कारण जुन्या यंत्रात सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. ब्रश कटरच्या पात्यांना सहसा २५.४ मिलिमीटरचं, म्हणजे एक इंचाचं भोक असतं, आणि काही यंत्रांना २० मिलिमीटरचं. पातं मध्यावर राहतं ते नटामुळे नाही. फ्लँजवर एक उंचवटा असतो, तो भोकात घट्ट बसतो आणि पातं केंद्रात धरतो. २० च्या उंचवट्यावर २५.४ चं पातं ठेवलं तर ते अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू शकतं. नट आवळला की हाताला घट्ट लागतं, पण ते केंद्राबाहेर बसलेलं असतं आणि सुरू केल्याबरोबर दांडी थरथरायला लागते. यावर पत्र्याची पट्टी गुंडाळणं किंवा हाताला लागेल तो वॉशर घालणं हे उपाय मी यंत्रांवर केलेले पाहिलेत. करू नका. नेमक्या मापाची रिंग किंवा योग्य फ्लँज सुटी मिळते, ती मागवा.

माझ्या यंत्राची फ्लँज ठीक होती, पण नट मूळचा नव्हता. मूळ नटात नायलॉनचं कडं असतं, ते आट्यांना धरून ठेवतं आणि थरथरीने नट सैल होऊ देत नाही. हाताने फिरवून बघा. शेवटचे काही आटे पान्याशिवाय सहज चढत असतील तर कड्याची पकड गेली, नट बदला. आटे बहुधा उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतो. हे माहीत नसलेल्या कोणीतरी आधी जोर लावून आटे खाल्लेले असू शकतात, तेही बघून घ्या. नटाखालचा कप आणि फुगीर वॉशर दोन्ही जागच्या जागी, योग्य बाजूने बसलेले हवेत. माझ्या पुस्तिकेत नट २० ते ३० न्यूटन मीटरने आवळायला सांगितलंय, आणि नवीन पातं लावल्यावर थोडं चालवून, बॅटरी काढून मी तो एकदा पुन्हा तपासते.

पातं चढवल्यावर बॅटरी बाहेरच ठेवून आणखी दोन गोष्टी पाहते. पात्याची कड धरून वर-खाली हलवली तर गिअर हेडमध्ये खडखड जाणवू नये, जाणवली तर बेअरिंग गेलंय. मग गार्डला एक पेन्सिल अशी बांधायची की तिचं टोक पात्याच्या कडेला टेकतं न टेकतं, आणि पातं हाताने हळू फिरवायचं. हातात जाड मोजे हवेतच. कुठे फट वाढते, कुठे टोक घासतं, यावरून पातं वाकलंय की नाही ते दिसतं. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नये आणि तडा गेलेलं वेल्डिंग करू नये. पोलादाला एकदा दिलेलं पाणी अशा उद्योगात जातं.

आठ दात्यांचं पातं मी यामुळेच टाकलं. बाहेरून चांगलं दिसत होतं. लाकडाने वाजवून पाहिलं तर आवाज खणखणीत न येता बद्द आला. म्हणून त्याला पातळ तेल लावलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि दातांच्या खोबणीत खडूची भुकटी चोळली. भुकटीवर तेलाची केसासारखी बारीक रेष उमटली, दाताच्या मुळाशी, खोबण जिथे टोकदार कापलेली होती तिथून आत मध्याकडे जाणारी. कोणीतरी ग्राइंडरवर धार लावताना मुळाची गोलाई घालवली होती आणि शेजारचे दात तापवून निळे केले होते. मुळाशी गोलाई असली की ताण पसरतो, कोपरा झाला की सगळा ताण त्या एका ठिकाणी जमतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. जुनं पातं घेताना मी आता पहिली नजर दातांच्या टोकांवर न टाकता मुळांवर टाकते.

गार्डचंही तसंच. यंत्राबरोबर दोरीचं गार्ड आलं होतं, ज्याच्या कडेला दोरी छाटायची छोटी सुरी असते. धातूच्या पात्यासाठी वेगळं गार्ड लागतं, काही यंत्रांत त्याच गार्डची खालची झालर काढायची असते. मी पात्याचं गार्ड मिळेपर्यंत दोरीच वापरली. याशिवाय सायकलच्या हँडलसारखी दुहेरी मूठ किंवा निदान पायाच्या बाजूचा अडसर-दांडा, आणि खांद्याचा पट्टा हवाच. त्या दांड्यामुळे पाय आणि पातं यांच्यात अंतर राहतं. जुन्या यंत्रात नेमका तोच काढून टाकलेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. माझं बहुतेक काम आज २३० च्या तीन दात्यांच्या नव्या पात्यावर होतं. दाट, उंच, जून झालेलं गवत, वेलींचे गुंते, करंगळीएवढ्या ओल्या काड्या, यांना ते उत्तम. दोन्ही बाजूंना धार असल्याने एक बाजू बोथट झाली की उलटं करून लावता येतं. धार कानशीने घरीच लावते. तिन्ही दातांवर कानशीचे हात सारखेच मारायचे, नाहीतर तोल जातो. पिशवीतलं जुनं पातं वाजवून, खडू लावून पास झालं, ते राखीव ठेवलंय.

या पात्याने लाकूड मात्र कापायचं नाही. दात कमी आणि मोठे, त्यामुळे टणक खोडात एकच दात खोल अडकतो आणि यंत्र झटक्याने उलट फेकलं जातं. बहुतेक सरळ दांडीच्या यंत्रांत पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. तुमच्या समोरचा बिंदू बारा धरला तर बारा ते तीनमधला भाग सर्वांत धोक्याचा, तो टणक वस्तूला लागला की फटका बसतो. मी उजवीकडून डावीकडे फिरवते आणि पात्याच्या डाव्या बाजूने, नऊ ते अकराच्या दरम्यान कापते.

अंगठ्याएवढ्या वाळक्या झुडपांसाठी २३० चं ४० दातांचं कार्बाइड पातं नवीन घेतलं. लाकडात ते सुरेख चालतं, बॅटरीही कमी खातं. पण दगडधोंडे, तारा, कुंपणाजवळचा भाग इथे ते नेत नाही. दात उडाला की पातं बाद, आणि तो दात जातो कुठे हा प्रश्न वेगळाच. दगडाळ जागी आणि भिंतीच्या कडेला मी दोरीच वापरते. वेळ लागतो, लागू दे.

बॅटरीच्या यंत्राची एक खोड लक्षात ठेवा. इंजिनचं यंत्र सुरू असल्याचं कानाला कळतं, याचं कळत नाही. पातं काडीत अडकलं की इलेक्ट्रॉनिक संरक्षण मोटर बंद करतं, सगळं शांत होतं, आणि हात आपसूक अडकलेली काडी काढायला पुढे जातो. तिथे ट्रिगरला नुसता धक्का लागला तरी पातं फिरतं. त्यामुळे अडकलं की आधी बॅटरी बाहेर, मगच हात खाली. ट्रिगर सोडल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं, त्यात जड पातं जास्त वेळ.

वेग मी मधल्या टप्प्यावर ठेवते. ६५०० ऐवजी ५००० फेऱ्यांवर कडेला लागून उडणाऱ्या खड्यात सुमारे ४० टक्के कमी जोर असतो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. गवत तेवढ्यावरही स्वच्छ कापलं जातं. तरी जाळीचा मुखवटा आणि त्याच्या आत चष्मा, दोन्ही लागतात, कारण जाळीतून बारीक कच येतेच. पायात जाड बूट, नडग्यांना संरक्षण, आणि १५ मीटरच्या आत दुसरं कोणी नाही. कोणी जवळ आलं तर मी यंत्र बंद करून उभी राहते.

जुनं यंत्र घेणार असाल तर पात्यांच्या पिशवीवर खूश होऊन सौदा करू नका. गार्ड, दांडा, पट्टा आणि माहितीपुस्तिका आहे का ते विचारा, नसेल तर त्या भागांची चौकशी आधी करा, कारण काही जुन्या मॉडेलची गार्ड आता मिळत नाहीत आणि मग ते यंत्र दोरीपुरतंच उरतं. पहिल्या दिवशी नवा नट आणि नवं तीन दात्यांचं पातं लावा. बाद केलेली पाती मात्र तशीच भंगारात देऊ नका. माझ्या आठ दात्यांच्या पात्याचे मी ग्राइंडरने दोन तुकडे करून दिले, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या पिशवीत जाणार नाही.