एयूआरवर पॅकेज टाकून नऊ महिने झाले, खरं सांगतो

मार्च 2025 मध्ये आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एयूआरवर (वापरकर्त्यांनीच टाकलेल्या पॅकेजांचा साठा) एक देवनागरी फॉन्ट पॅकेज करून टाकला. फॉन्टच का, तर मलाच हवा होता, आणि दर वेळी मशीन फॉर्मॅट केली की झिप उघडून हाताने कॉपी करत बसायचा कंटाळा आलेला. टाकणं सोपंय हो. खातं काढा, एसएसएच की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) चिकटवा, पॅकेजच्या नावाने गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरून क्लोन मारा, नाव कुणी घेतलं नसेल तर रिकामी रेपो (कोडचं फोल्डर) मिळते, त्यात पीकेजीबिल्ड (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) लिहा आणि पुश, म्हणजे सर्व्हरवर पाठवा. आधी कुणी तपासत नाही, मंजुरीबिंजुरी काही नाही, थेट लाइव्ह.

माझा पुश तरीही दोनदा आपटला. आधी ब्रँच (रेपोची शाखा) मेन होती म्हणून (तिथे फक्त मास्टर चालते), मग डॉट एसआरसीइन्फो (साइटला पॅकेजची माहिती देणारी फाइल) नव्हती म्हणून. म्हटलं पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) टाकू, तर नाही, ती प्रत्येक कमिटमध्ये लागते, सगळं एकत्र करून परत टाकलं. आणि एकदा गेलेलं पुसता येत नाही, फोर्स पुश (जुनं जबरदस्तीने बदलणं) बंद आहे, त्यामुळे माझा 'च्यायला आता तरी चाल' हा कमिट मेसेज तिथे कायमचा लटकलाय.

पहिल्याच आठवड्यात कमेंट आली की इन्स्टॉल स्क्रिप्टमधून फॉन्ट कॅशे (फॉन्टची साठवलेली यादी) रिफ्रेश करायची गरज नाही, पॅकमनचा (आर्चच्या पॅकेज मॅनेजरचा) हुक, म्हणजे ठरल्या वेळी चालणारी कमांड, ते आपोआप करतो. बरोबर होतं, काढून टाकलं. लायसन्सची फाइलही मी विसरलेलो.

खरी डोकेदुखी पुढे. फॉन्ट बनवणाऱ्यांनी आवृत्तीचा नंबर तोच ठेवून झिप गुपचूप बदलली. चेकसम (फाइल तीच आहे का ते पडताळणारा आकडा) जुळेना, आणि सकाळी उठून बघतो तर चार जण माझ्यावर वैतागलेले. नवा चेकसम भरला, पीकेजीरेल (तीच आवृत्ती कितव्यांदा पॅकेज केली तो आकडा) 1 चं 2 केलं, तरी ज्यांच्याकडे जुनी झिप उतरवलेली पडून होती त्यांचं परत फेल! शेवटी झिप वेगळ्या नावाने सेव्ह होईल अशी ओळ घातली तेव्हा शांतता. एकदा तर पीकेजीबिल्डमध्ये आवृत्ती वाढवली आणि एसआरसीइन्फो नव्याने बनवायलाच विसरलो, साइटवर जुनाच आकडा, याय-पारू (एयूआरमधून इन्स्टॉल करून देणारी साधनं) वापरणाऱ्यांना अपडेट दिसेचना, आणि मी आपला निवांत. आता मेकपीकेजीची (पॅकेज बनवणाऱ्या साधनाची) एसआरसीइन्फो बनवायची कमांड कमिटच्या हुकमध्येच टाकलीय.

जुलैमध्ये एयूआरवर ब्राउझरच्या नावाखाली तीन पॅकेजमधून रॅट (दुरून मशीनचा ताबा घेणारं मालवेअर) पसरवल्याचं उघड झालं, 16 तारखेला टाकलेली, 18 ला काढली. त्यानंतर माझ्याही फॉन्टचा सोर्स कुठून येतो असं लोक विचारायला लागले. मला आवडलं ते. पीकेजीबिल्ड म्हणजे साधी बॅश स्क्रिप्ट, वाचायला दोन मिनिटं लागतात, पण न वाचता एंटर मारणाऱ्यांत मीही होतोच की.

गणपतीला गावी होतो, रेंज फक्त विहिरीपाशी, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पॅकेज आउट-ऑफ-डेट (जुनं झालेलं) म्हणून फ्लॅग केलं. पॅकेज अनाथ (मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, नसलेलं) करायची विनंती कुणी केली आणि दोन आठवडे उत्तर नाही दिलं तर ते अनाथ होऊ शकतं, म्हणून दुपारच्या उन्हात विहिरीच्या कठड्यावर बसून मोबाइलवरून कमेंट टाकली, आई म्हणतेय हा तिथे काय करतोय. परत आल्यावर पॅच (दुरुस्ती) पाठवणाऱ्या एकाला को-मेंटेनर (सोबत सांभाळणारा) करून टाकलं. पॅकेजला सध्या 11 मतं आहेत, त्यातलं एक माझं.