असिस्ट डॉट ऑर्ग: एजंटला फी देण्याआधी हे उघडा

कॅलिफोर्नियातल्या कॉलेजचा कुठला कोर्स तिथल्या युनिव्हर्सिटीत कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट दाखवते, मला ती भाचीमुळे कळली. माझी भाची डिचोलीत बारावी करून कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात गेली. दोन वर्षं तिथं काढायची आणि मग यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, ट्रान्सफर घ्यायची असं ठरलेलं, कारण यूसीची चार वर्षांची फी ताईला झेपणारी नव्हती. पणजीतल्या एका एजंटनं पहिल्या वर्षाच्या कोर्सची यादी करून दिली, म्हणाला हे सगळे ट्रान्सफर होतात, काळजी करू नका. तो खोटं नाही बोलला, पण अर्धंच बोलला आणि त्यात पोरीचं एक क्वार्टर, म्हणजे तीनेक महिन्यांचं सत्र, वाया गेलं.

झालं असं की यादीत गणिताचा एक सोपा कोर्स होता, तो यूसी धरते, युनिट्सही (म्हणजे क्रेडिट) मोजते, पण तिला ज्या कॅम्पसला इकॉनॉमिक्स करायचंय तिथं मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, कॅल्क्युलसची पूर्ण सिरीज लागते आणि हा कोर्स त्यात कुठंच बसत नाही. म्हणजे ट्रान्सफरेबल वेगळं आणि आर्टिक्युलेटेड वेगळं. पहिल्यात नुसती युनिट्स मिळतात, दुसऱ्यात तिथल्या अमुक कोर्सच्या जागी तुमचा हा कोर्स चालतो. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असिस्टवर बघितलं तेव्हा कळलं.

साइट फुकट आहे, लॉगिन वगैरे काही नाही. ११६ कम्युनिटी कॉलेजं आणि समोर यूसी नि सीएसयूचे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कॅम्पस, म्हणजे मुख्यतः कॅलिफोर्नियातलं सरकारी शिक्षण, खासगी युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर इथं फारसं काही मिळणार नाही. वर्ष, आपलं कॉलेज, जायची युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की तक्ता उघडतो, डावीकडे तिथला कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. जिथं जुळत नाही तिथं 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं सरळ लिहिलंय. मला हेच सगळ्यात आवडलं, निदान आधीच कळतं की हा विषय तिथं गेल्यावर करावा लागेल.

तक्त्यात कोर्सच्या मधले अँड (दोन्ही हवेत) आणि ऑर (कुठलाही एक चालेल) मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या कॉलेजात कॅल्क्युलस चार भागांत असतो, सेमिस्टरवाल्यांत बहुतेक तीन. भाची म्हणत होती मामा, सुट्टीत शेजारच्या सेमिस्टर कॉलेजातून एक भाग उरकते, मी म्हटलं थांब बाय, आधी तक्ता बघू. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ नि तिच्याकडे सकाळचे नऊ, दोघांनी एकच पान उघडून ओळ न् ओळ वाचली आणि अर्ध्यात कॉलेज बदललं तर भाग जुळत नाहीत हे ध्यानात आलं. शेवटी तिनं तिथल्या काउन्सेलरलाही विचारून सिरीज एकाच कॉलेजात पूर्ण करायचं ठरवलं. युनिट्सचा हिशोबही लक्षात ठेवा, १ सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट, यूसीत तिसऱ्या वर्षाला जायला ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर लागतात.

टॅग म्हणजे प्रवेशाची हमी, ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे यूसीचे सहाच कॅम्पस देतात, तिथंही सगळ्या मेजरला नाही. अर्ज सप्टेंबरात आणि तोही एकाच कॅम्पसला. बर्कली, एलए, सॅन डिएगोला टॅग नाहीच.

तक्रार एकच, फोनवर दोन रकाने वाचताना जीव जातो, पीडीएफ काढून प्रिंट घ्या. आणि वर्ष बरोबर निवडा, कॉलेज नि युनिव्हर्सिटीतले कोर्स जुळवणीचे करार वर्षागणिक बदलतात, शिवाय २०२५ पासून तिथले काही कोर्स नवीन सामायिक नंबरांवर गेलेत, सी१००० वगैरे, जुन्या यादीत जुनंच नाव दिसतं.

आपल्याकडे एबीसीत (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रेडिट जमा होतं, डिजिलॉकरमधून दिसतं, बहुतेक सात वर्षं टिकतं, चांगलंच आहे, पण इथला कुठला पेपर तिथल्या कुठल्या पेपरच्या जागी चालेल असा तक्ता त्यात नाही. माझा मुलगा यंदा एफवायला आहे, कॉलेज बदलायचं म्हणतोय, त्याच्यासाठी मी दोन्हीकडचे सिलॅबस शेजारी ठेवून हातानं रकाने आखतोय, असिस्टच्या पानावरूनच शिकलो.

५ पैकी साडेचार, अर्धा फोनमुळे कापला.