ऑर्बिट्रॉन फॉन्ट: आठ महिने फ्लेक्स-रेडियमवर वापरून

लातूरला माझं फ्लेक्स आणि रेडियम कटिंगचं छोटं दुकान आहे. आठ महिन्यांमागं कोडिंग क्लासचा बोर्ड करायला एक पोरगं आलं. "दादा, रॉकेटवर असतंय तसलं अक्षर पाहिजे." गूगल फॉन्ट्सवरून ऑर्बिट्रॉन उतरवला तो तेव्हा. मॅट मॅकइनर्नीचा फॉन्ट, ओपन फॉन्ट लायसन्सवर. गिऱ्हाइकाच्या कामाला फुकट चालतो.

चौकोनी, रुंद, दणकट अक्षर. ही धाटणी नवी नाही म्हणा, इटलीच्या नेबिओलो ह्या टाइप (छपाईची अक्षरं) बनवणाऱ्या कंपनीनं १९५२ सालीच मायक्रोग्रामा नावाचा असलाच फॉन्ट काढला होता, नुसत्या कॅपिटल अक्षरांचा. पण आपल्याकडं अजून नवंच वाटतं. जिम, गेमिंग झोन, डीजे, क्रिकेटच्या जर्सीवरचे नंबर, असल्या कामांना ब्लॅक वजन, म्हणजे ह्याच फॉन्टचा सगळ्यात जाड प्रकार, लावलं की गिऱ्हाईक दुसरं डिझाइन मागतच नाही. एलईडी बोर्डवालाही खूश, कारण सरळ रेषा जास्त, पट्टी वाकवायला सोपी.

खरा त्रास बारीक कामात. एका ट्रॅक्टरवाल्या मामांना मागच्या बाजूला नाव मोठं आणि खाली गावाचं नाव इंचभर पाहिजे होतं. मोठं नाव झकास उतरलं. गावाच्या इंग्रजी नावातल्या 'ए' आणि 'ई'च्या आतली चिमुकली खिडकी सुईनं उचलायला गेलो, तर शेजारची दांडीच सोबत आली. तीनदा कापलं, रेडियम वाया गेलं ते वेगळं. शेवटी ती ओळ साध्या एरियलमध्ये केली. आता दोन इंचांखाली हा फॉन्ट लावतच नाही. शिवाय अक्षर आडवं पसरतं. दहा-बारा अक्षरांचं नाव आठ फुटी फ्लेक्सवर कोंबावं लागतं, आणि लांबून 'डी' न् 'ओ' एकच दिसतात.

मोठी उणीव म्हणजे ह्यात देवनागरी नाहीच. 'जय मल्हार' टाइप केलं तर भलत्याच फॉन्टमध्ये उमटतं. मराठीला मी टेको बोल्ड ही दुसरी लिपी लावतो. ती इंडियन टाइप फाउंड्रीची, देवनागरी-रोमन दोन्ही असलेली, तीही चौकोनी वळणाची. अरुंद आणि लहान दिसते, म्हणून इंग्रजीच्या दीडपट साइज ठेवावी लागते. तरी जोडी शंभर टक्के जमते असं नाही. टेको उभी, ऑर्बिट्रॉन आडवा. माझ्या जुन्या कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) युनिकोड मराठीची जोडाक्षरं फुटतात, म्हणून मराठी ओळ इंकस्केप ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून, कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र करून) आणतो. श्रीलिपी ह्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या सवयीला हे जड गेलं, पण महिन्याभरात हात बसला.

नंबर प्लेट ह्याच अक्षरात मागणारे आठवड्याला दोघं तरी येतात. प्लेटवर फॅन्सी अक्षर नियमात बसत नाही आणि एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच लागते. त्यांना म्हणतो, मडगार्डवर नाव टाकून देतो, बसा.