आयर्लंडची नागरिक सभा: पद्धत भक्कम, पण निमंत्रण कोणाचं हे आधी बघा

घटनेत बदल करावा का, यावर दुभंगलेल्या माणसांना एका खोलीत बसवायचं, तर आयर्लंडची ही पद्धत आम्हाला सर्वात भरवशाची वाटते. २०१६ च्या सभेत ९९ नागरिक होते, वय, लिंग, प्रदेश सांभाळून यादृच्छिक निवडलेले. अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. गर्भपातविषयक आठव्या दुरुस्तीला पाच शनिवार-रविवार दिले. आधी तज्ज्ञांची मांडणी, मग गोल टेबलांवर चर्चा, शेवटी गुप्त मतदान.

खरा जीव टेबलात आहे. प्रत्येक टेबलाला सूत्रधार आणि टिपणं घेणारा वेगळा. मोठ्या आवाजाला आवरणं, गप्प बसलेल्याला बोलतं करणं हे सूत्रधाराचं काम. तो कच्चा असला की सगळं मुसळ केरात.

दोष आहेत. सदस्यांना मानधन नव्हतं, गळती झाली. २०१८ मध्ये बदली सात जण ओळखीतून भरल्याचं उघड झालं, त्यांना वगळावं लागलं. बदलीची यादीही सुरुवातीलाच सोडतीने काढून ठेवावी.

उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्येच राहावं की आयर्लंडला जोडून घ्यावं, या प्रश्नासाठी मात्र हा साचा जसाच्या तसा चालणार नाही. याआधी आयर्लंडमध्येच अशाच धर्तीवर भरलेल्या २०१२ च्या घटना संमेलनात ६६ नागरिक, ३३ राजकारणी होते. उत्तरेतल्या पक्षांनाही बोलावणं होतं. ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणारे मोठे युनियनिस्ट पक्ष आलेच नाहीत. आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनच्या टेबलावर बसणं म्हणजे अर्धं उत्तर देणं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. विषयपत्रिका दोन्ही बाजूंनी मिळून लिहावी आणि सुरुवात आरोग्यसेवा, पेन्शनपासून करावी. झेंड्याचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीला.